तळघरातली खोकी

1998 साली आलेल्या 'इलेक्ट्रो-शॉक ब्लूज' या अल्बमच्या पहिल्या गाण्याचे शब्द गायकाचे नाहीत. ते त्याच्या थोरल्या बहिणीच्या वहीतले आहेत. गाण्याचं नाव 'एलिझाबेथ ऑन द बाथरूम फ्लोअर'. मंद गिटार, आणि पलीकडच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा दबका आवाज. ज्या एलिझाबेथने ते लिहिलं, ती तेव्हा हयात नव्हती. तिचा भाऊ मार्क ऑलिव्हर एव्हरेट, 'ईल्स' या बँडचा प्रमुख आणि श्रोत्यांचा नुसता 'ई', अल्बमची सुरुवातच तिच्या शब्दांनी करतो.

दुःखावरची रॉकगाणी पैशाला पासरी मिळतात. हा अल्बम त्यांतला नाही, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून मानत आलो आहे. इथे दुःखाला नाव आहे, तारीख आहे, पत्ता आहे. आणि त्या पत्त्यावर आणखी एक गोष्ट लपलेली होती, जी स्वतः गायकालाही पुरती कळायला आणखी नऊ वर्षं जायची होती.

पत्ता होता व्हर्जिनिया राज्यातलं मॅक्लेन, वॉशिंग्टनच्या अगदी लगत. घरात चौघं: आई नॅन्सी, वडील ह्यू, मुलगी एलिझाबेथ आणि तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा मार्क. वडील कामावरून यायचे, खुर्चीत बसायचे, सिगारेट पेटवायचे, पेल्यात दारू ओतायचे आणि वाचत राहायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. पोरांच्या दृष्टीने ते घरातल्या सामानापैकीच एक झाले होते. ते संरक्षण खात्यासाठी काहीतरी आकडेमोड करतात, यापलीकडे मुलांना फारसं ठाऊक नव्हतं.

जून 1982 मध्ये एलिझाबेथने जीव द्यायचा प्रयत्न केला. न्हाणीघरात पडलेली ती मार्कलाच सापडली आणि वेळेवर इस्पितळात पोचल्यामुळे वाचली. मुलगा घरी परतला तेव्हा वडिलांनी हातातल्या मासिकातून मान वर केली. ती इतकी दुःखी आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच ते म्हणाले.

महिनाभरात, 19 जुलैला, तेच गेले. झोपेत हृदय बंद पडलं होतं. वय 51. त्यांनाही मार्कनेच पाहिलं. फोनवरून मिळणाऱ्या सूचना ऐकत एकोणीस वर्षांचा तो पोरगा वडिलांच्या छातीवर दाब देत होता, आणि त्या धांदलीत त्याच्या लक्षात आलं, की आपण यांना कधी हात लावल्याचं आपल्याला आठवतच नाही. नंतर वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख कचऱ्यात टाकली गेली.

ही खुर्चीतली मूक व्यक्ती म्हणजे ह्यू एव्हरेट तिसरा. विसाव्या शतकातल्या सर्वांत धाडसी वैज्ञानिक कल्पनांपैकी एक त्याच्या डोक्यातून निघाली होती.

1954 साली प्रिन्स्टनमध्ये एका रात्री शेरीचे पेले रिकामे होत असताना तीन तरुणांमध्ये वाद रंगला. एक एव्हरेट, दुसरा त्याचा मित्र चार्ल्स मिसनर, तिसरा क्वांटम सिद्धांताचे एक शिल्पकार, कोपनहेगनचे नील्स बोर यांचा सहायक ओगे पीटरसन. विषय क्वांटम सिद्धांताच्या पोटातली जुनी अडचण. श्रोडिंगरच्या समीकरणाप्रमाणे कणापुढच्या अनेक शक्यता एकाच वेळी नांदत असतात. आपण मोजायला गेलो, की मात्र उत्तर एकच मिळतं. मग बाकीच्या शक्यतांचं काय होतं? रूढ उत्तर असं, की मोजमापाच्या क्षणी त्या गळून पडतात. का गळून पडतात, हे समीकरणात कुठेच नाही. समीकरण तिथे थांबवायचं आणि वरून एक नियम चिकटवायचा, असा तो मामला होता.

एव्हरेट म्हणाला, थांबवायचं कशाला? मोजणारं यंत्र आणि मोजणारा माणूस हेही कणांचेच बनलेले. त्यांनाही समीकरणात घ्या आणि ते पुढे चालू द्या. तसं केलं तर एकही शक्यता गळत नाही. प्रत्येक उत्तर घडतं, आणि ते उत्तर पाहणारा निरीक्षकही प्रत्येक फांदीवर वेगळा असतो. एका फांदीवरच्या माणसाला दुसऱ्या फांदीवरचा स्वतः कधी भेटत नाही. हाच विचार त्याने आपल्या प्रबंधात मांडला. पुढे त्याला अनेक विश्वांचा सिद्धांत म्हणू लागले.

त्याचे मार्गदर्शक जॉन व्हीलर हे बोर यांचे निस्सीम चाहते. 1956 साली ते प्रबंधाचा मसुदा घेऊन कोपनहेगनला बोर यांच्याकडे गेले. तिथे तो कुणाच्या गळी उतरला नाही. मग प्रबंधाला कात्री लागली. मूळ मजकुराचा जेमतेम चतुर्थांश राहिला आणि 1957 साली तो सौम्य भाषेत छापून आला. भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डीविट यांनी तो वाचून आक्षेप घेतला: मी दुभंगतो आहे असं मला तर मुळीच जाणवत नाही. एव्हरेटने उलट विचारलं, पृथ्वी फिरते आहे हे तुम्हाला जाणवतं का? कोपर्निकसवरही लोकांनी हाच आक्षेप घेतला होता. डीविट निरुत्तर झाले, आणि पुढे त्याच सिद्धांताचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते ठरले. पण ते 1970 नंतर. मधली तेरा वर्षं जवळपास सामसूम.

1959 च्या वसंतात एव्हरेट स्वतः कोपनहेगनला जाऊन बोर यांना भेटला. काही निष्पन्न झालं नाही. त्याच मुक्कामात हॉटेलच्या कागदावर त्याने गणिताची एक वेगळीच युक्ती मांडली. साधनं मर्यादित असताना त्यांचं जास्तीत जास्त परिणामकारक वाटप कसं करायचं, याची ती रीत. पुढे लष्करी आकडेमोडीच्या धंद्यात तिनेच त्याला पैसा मिळवून दिला. विद्यापीठाकडे तो पुन्हा वळलाच नाही. अणुयुद्धात किती माणसं मरतील याचे हिशेब मांडणाऱ्या पेंटॅगॉनच्या गटात तो आधीच रुजू झाला होता. घरी येऊन तो कोणत्या तोंडाने काय बोलणार होता, असं मला ही हकिकत वाचताना नेहमी वाटतं. नाकारलेला सिद्धांत सांगायची सोय नव्हती आणि कामाची गुपितं फोडायची परवानगी नव्हती.

वडील गेल्यावर मार्क गाणी रचत राहिला आणि पुढे लॉस एंजेलिसला आला. 1996 च्या ऑगस्टमध्ये 'ईल्स'चा पहिला अल्बम 'ब्यूटिफुल फ्रीक' आला आणि त्यातलं 'नोवोकेन फॉर द सोल' रेडिओवर गाजलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं. त्याआधी महिनाभर, जुलैमध्ये, एलिझाबेथने आपलं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, की माझी राख अशी टाका म्हणजे मी योग्य त्या समांतर विश्वात जाईन आणि तिथे बाबांना भेटेन.

जगाने ज्या सिद्धांताकडे पाठ फिरवली, त्याच्यावर बापाच्या पश्चात लेकीने टाकलेला हा विश्वास. यावर मला आणखी काही लिहिवत नाही.

थोड्याच काळात आईला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळलं. मार्क व्हर्जिनियात तिच्या उशाशी आणि लॉस एंजेलिसमधल्या माइकपुढे अशा फेऱ्या करत राहिला. त्या काळात जी गाणी सुचली, तीच 'इलेक्ट्रो-शॉक ब्लूज'मध्ये आहेत. एकूण सोळा. नाव बहिणीवर झालेल्या विजेच्या झटक्यांच्या उपचारांवरून घेतलेलं.

सलग सोळा शोकगीतं ऐकायला बसायचं म्हणजे कुणाच्याही पोटात गोळा यावा. पण या अल्बमची कमाल त्याच्या सुरांच्या पालटात आहे. पहिल्या गाण्याची कुजबुज संपते न संपते तोच 'गोइंग टू युअर फ्युनरल' येतं, खालच्या पट्टीत गुरगुरत, जड पावलांनी. पाठोपाठ 'कॅन्सर फॉर द क्युअर'. त्यात कर्कश की-बोर्ड आहे, ठोकलेला ताल आहे आणि धडधडीत राग आहे. ('अमेरिकन ब्यूटी' या चित्रपटात ते पुढे वापरलं गेलं.) 'हॉस्पिटल फूड'मध्ये सॅक्सोफोन जाझच्या अंगाने मस्ती करतो, विषय इस्पितळातलं जेवण, आणि तरी पाय ठेका धरतो. शीर्षकगीत मात्र जवळजवळ रिकामं आहे. एकाच जागी पाय आपटत राहिलेला ताल आणि त्यावर एका भेदरलेल्या रुग्णाचे शब्द. अंत्ययात्रेच्या गाण्याचा दुसरा भाग येतो तेव्हा त्यात शब्दच नाहीत, फक्त वाद्यं.

आणि मग 'लास्ट स्टॉप: धिस टाउन'. गेलेली व्यक्ती परत येते आणि गावावरून एक शेवटची फेरी मारून जाते, अशी कल्पना. नाजूक घंटानादासारखे की-बोर्डचे सूर आणि त्यांच्या मधेच हिप-हॉपवाल्यांची तबकडी घासल्याची खरखर. या गाण्याच्या निर्मितीत 'डस्ट ब्रदर्स' या निर्मात्यांच्या जोडीपैकी मायकेल सिम्पसनचा हात होता. कागदावर हा मेळ विचित्र वाटतो. ऐकताना मात्र शोकात बुडालेल्या माणसाला मधेच हसू का फुटतं, ते नेमकं कळतं.

माझं मत असं, की हा सुरांचा पालट हौसेचा नाही. घरात माणूस जातं तेव्हा दिवसभर कुणी एकाच पट्टीत रडत नाही. फोन येतात, चहा होतो, कुणावर तरी राग निघतो, जुना किस्सा आठवून हशा पिकतो, आणि रात्री पुन्हा सगळं अंगावर येतं. दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसांनी भरलेलं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मार्कने यातलं काहीही गाळलं नाही. एकच एक करुण रंग लावला असता तर अल्बम जास्त सुबक झाला असता आणि खोटा पडला असता. म्हणूनच शेवटच्या 'पी.एस. यू रॉक माय वर्ल्ड'मध्ये गाणारा आता जगून पाहावं म्हणतो, तेव्हा ते पटतं. त्या वाक्याची किंमत त्याने आधीच्या पंधरा गाण्यांत चुकवलेली असते.

अल्बम 1998 च्या शरद ऋतूत बाजारात आला आणि काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, आईही गेली. पस्तिशीच्या मार्कला जवळचं असं कुणी उरलं नाही. घर आवरलं गेलं. कागदपत्रांची खोकी त्याच्या लॉस एंजेलिसच्या तळघरात येऊन पडली.

त्या सोळा गाण्यांत बहीण आहे, आईचं आजारपण आहे. वडील मात्र कडेलाच राहतात. ज्याच्याशी कधी बोलणंच झालं नाही त्याच्यावर गाणार तरी काय?

पुढे एव्हरेटचं चरित्र लिहायला घेतलेले पत्रकार पीटर बर्न त्या तळघरात पोचले आणि खोकी उघडली गेली. कात्री लागण्याआधीच्या प्रबंधाचे मसुदे निघाले, पत्रव्यवहार निघाला. बारा वर्षांच्या ह्यूने अडवता न येणारं बल आणि हलवता न येणारी वस्तू यांचं कोडं आइनस्टाइन यांना लिहून पाठवलं होतं. 1943 साली त्यांचं उत्तर आलं: असं बल नाही आणि अशी वस्तूही नाही, पण स्वतःच उभ्या केलेल्या अडचणींतून वाट काढणारा एक हट्टी मुलगा मात्र दिसतो आहे.

त्याच सुमारास बीबीसीने मार्कला घेऊन 'पॅरलल वर्ल्ड्स, पॅरलल लाइव्ह्ज' हा माहितीपट केला. नोव्हेंबर 2007 मध्ये तो दाखवला गेला. त्यात गणिताची धास्ती असलेला हा रॉक गायक प्रिन्स्टनला जातो, क्वांटम सिद्धांतातला दोन फटींचा प्रयोग समोर बसून समजावून घेतो, वडिलांच्या पेंटॅगॉनमधल्या सहकाऱ्यांना भेटतो, म्हाताऱ्या मिसनर यांच्याकडून त्या शेरीच्या रात्रीबद्दल ऐकतो. आपल्या वडिलांना मित्र होते, ते वाद घालत, हसत, हे तो बाहेरच्या माणसांकडून ऐकतो आहे. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

खोक्यांमध्ये ध्वनिफितीही होत्या. एका फितीवर 1977 सालच्या गप्पा आहेत: ह्यू आणि मिसनर जुन्या दिवसांबद्दल बोलत आहेत, सिद्धांत कसा सुचला ते आठवत आहेत. मार्क कितीतरी वर्षांनी वडिलांचा आवाज ऐकत होता. त्या आवाजामागून आणखी काहीतरी येत होतं. घरात कुठेतरी ड्रम वाजत होते. वाजवणारा चौदा वर्षांचा मार्क होता.

इतकी वर्षं त्याची समजूत होती, की या घरात वडील एका टोकाला आणि आपण दुसऱ्या. फितीवर दोघं एकत्र होते. पोरगं कानठळ्या बसतील असं वाजवतं आहे, आणि बाप ते थांबव असं न म्हणता विश्वाच्या फांद्यांबद्दल बोलतो आहे.

बर्न यांचं चरित्र 2010 साली आलं. 2012 साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने एव्हरेटचं लेखन ग्रंथरूपात काढलं, कात्री न लागलेल्या प्रबंधासकट. मार्कने त्याआधीच, 2008 साली, आत्मचरित्र लिहून टाकलं होतं. त्याच वर्षी 'ईल्स' दौऱ्यावर निघाले. मुख्य कार्यक्रमाआधी एखादा नवा बँड वाजवतो अशी रीत असते. या दौऱ्यात त्या जागी पडदा लागायचा आणि ह्यू एव्हरेटवरचा माहितीपट सुरू व्हायचा. गाणी ऐकायला तिकीट काढून आलेले लोक आधी क्वांटम सिद्धांताची गोष्ट बघत बसायचे, आणि मग मार्क रंगमंचावर यायचा.