मर्फी : आयर्लंडचे सर्वाधिक प्रचलित आडनाव

‘मर्फी’ हे ‘ओ मुरखू’ या आयरिश आडनावाचे इंग्रजी वळण असून, त्यातील ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, तर मूळ पुरुषाच्या नावात समुद्र आणि लढाई या अर्थांचे दोन शब्द जोडले गेल्याने त्याचा अर्थ ‘सागरी योद्धा’ असा केला जातो. सर्व मर्फी मात्र एका कुळातले नव्हेत. वेक्सफर्ड आणि कॉर्क येथील घराणी ‘ओ’ लावत, तर उत्तरेकडील टायरोनमधील घराणे ‘मॅक’, म्हणजे पुत्र, हा उपसर्ग लावी. ११६९मध्ये ज्याच्या मदतीला अँग्लो-नॉर्मन फौजा उतरल्या, त्या लेन्स्टरच्या डर्मट मॅकमरो या राजाचे आडनावही याच पुरुषनामावरून आले.

आयरिश रूपात अविवाहित मुलगी ‘ओ’ऐवजी ‘नी’ लावते आणि पत्नी ‘ई’. भारतात हे आडनाव घरोघर पोहोचले ते ब्रिटनमध्ये १९२९ साली स्थापन झालेल्या मर्फी रेडिओमुळे.