ममता कार्ड सुरतेचं, बाळंतपण खानदेशात

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. सुरतेच्या या भागांतून फिरताना मराठीइतकीच अहिराणीही कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं कापडाच्या धंद्यामागे इथे आली आणि इथलीच झाली. नवरा लूमच्या खात्यात किंवा डाईंग मिलमध्ये कामाला जातो. बायको घर सांभाळून साड्यांना लेस लावते, टिक्या चिकटवते, धागे कापते. मजुरी नगावर ठरते. नग झाला तर पैसे, नाही तर नाही. सातव्या-आठव्या महिन्यात मान मोडून तासन्‌तास बसवत नाही, आणि घरातली दुसरी कमाई नेमकी खर्चाच्या तोंडावर थांबते.

ही थांबलेली कमाई सरकार भरून देतं का? देतं, पण किती देतं हे बाईच्या पोटावरून ठरत नाही, तिच्या नोकरीच्या कागदावरून ठरतं.

कागद पक्का असेल तर कायदा चांगलाच उदार आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत जिने बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलं आहे, तिला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर पुढच्या खेपेला रजा १२ आठवड्यांची. पूर्वी सर्वांनाच १२ आठवडे होते, २६ झाले ते २०१७ च्या दुरुस्तीने. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, हेही त्यात आहेच.

ज्या कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे आणि जिचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिला हे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात २६ आठवडे सरासरी रोजाइतकी पूर्ण रक्कम मिळते. आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, एवढी अट. एक गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊकच नसते: ईएसआय नवऱ्याचं असलं तरी बायकोच्या उपचारांची सोय त्यातच असते. मिलमध्ये जाणाऱ्याने आपलं ईएसआय कार्ड फक्त स्वतःच्या तापापुरतं वापरू नये.

समजा, मार्केटमधल्या एखाद्या पेढीत एक मुलगी महिना १२,००० रुपयांवर हिशेब लिहिते आणि तिचं नाव रीतसर पगारपत्रकावर आहे. सहा महिन्यांच्या रजेत तिच्या हाती ७२,००० रुपये येतील. तिच्याच गल्लीत घरी बसून लेस लावणारी तिची जाऊ कोणत्याच पत्रकावर नाही. तिच्यासाठी केंद्राची प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे आणि तिची रक्कम आहे ५,००० रुपये.

योजना १ जानेवारी २०१७ पासून सुरू आहे. पहिल्या बाळासाठीचे पाच हजार आता दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि पहिल्या सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाली की ३,०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या बाळासाठीही पैसे मिळतात, पण ती मुलगी असेल तरच. तेव्हा ६,००० एकरकमी. मुलींच्या जन्माचं प्रमाण सुधारावं हा हेतू सरकारने सांगितला आहे. हेतू चांगला आहे, तरी दुसऱ्या खेपेला मुलगा झाला म्हणून बाईची बुडालेली मजुरी कमी होत नाही, हेही खरंच.

पात्रतेचं दार मात्र बऱ्यापैकी रुंद आहे. अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, यांतला एक कागद पुरतो. घरबसल्या नगावर काम करणारीला ई-श्रम काढता येतं आणि ते फुकट निघतं. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे एकटी आईही अर्ज करू शकते. सरकारी नोकरीत कायम असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या बाईला मात्र ही योजना नाही.

गुजरात सरकारने यात आपली भर घातली आहे. २ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री कनुभाई देसाई यांनी ‘नमो श्री’ योजनेसाठी ७५० कोटींची तरतूद जाहीर केली. ठरावीक अकरा गटांतल्या गरोदर बायांना १२,००० रुपयांची मदत असं तिचं स्वरूप. केंद्राचे पैसे यात कसे धरले जातात, ते नाव नोंदवतानाच अंगणवाडीत विचारून घ्यावं. शिवाय मुख्यमंत्री मातृशक्ती योजनेत अंगणवाडीतून दर महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ आणि एक किलो तेल मिळतं. नवी सिव्हिल किंवा पालिकेचं स्मीमेर अशा सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि तपासण्या फुकट असतात. तो २०११ पासूनचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

सुरतेतल्या मराठी घरांची खरी ओढाताण पुढेच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून पक्की आहे. सातवा लागला की लेकीला उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसवून अमळनेर-पाचोऱ्याकडे नेतात. नाव नोंदलेलं असतं सुरतेच्या अंगणवाडीत, तपासण्या आणि लसी नोंदवायच्या ममता कार्डावरची अक्षरं गुजराती, आधारवर माहेरचं आडनाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं. बाळ जन्मतं महाराष्ट्रात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, सुरतेला नाही, आणि ती २१ दिवसांत करायची असते. लसी निम्म्या तिकडे, निम्म्या इकडे. मग दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कुठलीतरी एक नोंद सापडत नाही आणि दोन हजार रुपये अडकून बसतात.

यावर तोडगा साधा आहे. केंद्राची योजना दोन्ही राज्यांत तीच आहे आणि स्थलांतरित बाईला कार्ड दाखवून दुसऱ्या गावी उरलेला लाभ घेता येतो. म्हणून ममता कार्ड लेकीबरोबर गाडीत जायला हवं. ते सुरतेच्या कपाटात राहिलं की घोळ झालाच. तिकडची प्रत्येक लस त्याच कार्डावर चढवून घ्यावी. आधार आणि बँक खात्यावरचं नाव जुळवणं हे काम डोहाळेजेवणाआधी उरकावं, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आणि अर्जाची मुदत बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांची आहे. ओल्या बाळंतिणीला रांगेत उभं करण्यापेक्षा नवऱ्याने एक दिवस खाडा केलेला बरा. खासगी नोकरीत बाप होणाऱ्याला रजा देणारा कायदा आपल्याकडे नाहीच, त्यामुळे तो खाडा त्याच्याच खिशातून जाणार, हेही ओघानं आलंच.

बाळंतपणात थांबलेली कमाई कुणी भरून द्यायची, हा वाद जुना आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात रा. सा. आसवले यांनी कामगार बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा तो कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पण कायदा होता कारखान्यातल्या बाईपुरता. घरी बसून काम करणारी त्याच्या बाहेर राहिली.

तिला कायद्यात जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये, राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने. नोकरीतून असा लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये, असं त्याचं कलम ४ सांगतं. त्या वेळी सहा हजारांत जितका तूप-डिंक येत होता तितका आज येत नाही. केंद्राचा आकडा मात्र तिथेच आहे, आणि पहिल्या बाळाच्या आईला मातृ वंदना योजनेतून त्यातलेही पाचच हजार मिळतात. उरलेल्या हजाराचा मेळ जननी सुरक्षा योजनेच्या पैशांतून घालायचा, असा सरकारी हिशेब आहे. त्या योजनेत गुजरातच्या शहरात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला मिळतात ६०० रुपये.