पहिला किल्ट घेताना

"मामी, मी लग्नात स्कर्ट घालणार आहे, हे आईला कसं सांगू?"

ग्लासगोला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा असा फोन आला, तेव्हा मला हसू आवरेना. मुलगी तिथलीच, स्कॉटिश. लग्नही तिथेच व्हायचे होते आणि तिच्या घरचे सगळे पुरुष किल्ट घालून येणार होते.

पण हसू ओसरल्यावर कळले की पोराचे दुखणे वेगळेच आहे. पर्यटकांच्या एका दुकानातून त्याने स्वस्तातला किल्ट घेतला आणि तो घालून होणाऱ्या सासऱ्यांकडे जेवायला गेला, तोही उलटा, चुण्या पुढे घेऊन! कोणी हसले नाही. सासऱ्यांनी त्याला बाजूच्या खोलीत नेले आणि चुण्या मागे जातील असा किल्ट फिरवून बांधून दिला. "त्यांचा मान राखायला गेलो आणि थट्टा केल्यासारखं झालं गं," तो म्हणाला.

लग्नाला चार महिने अवकाश होता. मधल्या काळात माझे तिकडे जाणे झाले आणि खऱ्या किल्टच्या खरेदीला मीही बरोबर गेले. तेव्हा जे शिकले, ते परदेशी राहणाऱ्या किंवा तिकडच्या लग्नाचे आमंत्रण आलेल्या घरांना उपयोगी पडेल.

आपण घालावा की नाही?

पहिली शंका हीच असते. टार्टन म्हणजे उभ्याआडव्या रंगीत पट्ट्यांचे चौकडीचे लोकरी कापड. त्यातल्या पुष्कळ चौकडी एकेका घराण्याच्या नावाने ओळखल्या जातात. मग आपल्यासारख्या परक्याने ते घालावे का?

या पोशाखाच्या वाट्याला बंदीही आलेली आहे. कलोडनच्या लढाईनंतर १७४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा वेश मना केला. तो कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याने स्वतःच किल्ट घातला आणि या वेशाला पुन्हा प्रतिष्ठा आली. इतके सोसून टिकलेल्या वेशाबद्दल लोक हळवे असणारच. मात्र कोणी कोणते टार्टन घालावे याबद्दल सर्वसाधारण माणसाला कायद्याची आडकाठी नाही. आहे तो फक्त संकेत. राजघराण्यासाठी राखलेले बाल्मोरल टार्टन सोडावे. कोणत्याही घराण्याशी नाते नसेल, तर ब्लॅक वॉचसारखे सर्वांना चालणारे गडद निळेहिरवे टार्टन घ्यावे. सासरचे टार्टन घालायचे असेल, तर त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. विचारण्यातच अर्धा मान राखला जातो.

कापड पाहून घ्या

भाच्याच्या पहिल्या किल्टचे कापड कृत्रिम धाग्याचे, पातळ होते. दोन तास बसून उठला की मागच्या चुण्या विस्कटून जात. चांगला किल्ट शुद्ध लोकरीचा असतो आणि त्याचे कापड वजनावर ओळखले जाते. वारी १० ते ११ औंसाचे हलके, १३ औंसाचे मध्यम आणि १६ औंसाचे भारी. भारी कापडाच्या चुण्या धारदार राहतात आणि वाऱ्याने किल्ट उडत नाही. पहिला किल्ट घेणाऱ्याने १३ किंवा १६ औंसाचाच विचार करावा.

पूर्ण किल्टला ८ वार कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे ४ वार कापड लांबीत मधोमध कापून जोडतात आणि ८ वार करतात. आमच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, हे ऐकून माझी नणंद जरा निवळली! खालच्या कडेला दुमड नसते. कापडाची मूळ किनारच खाली ठेवतात. दुकानात किल्ट उलटून पाहा. दुमडून शिवण मारलेली दिसली, तर तो बहुधा स्वस्तातला माल समजावा. ५ वारांचे किल्टही मिळतात. ते हलके, कमी किमतीचे आणि रोजच्या वापराला बरे असतात. पण समारंभात त्यांचा घेर तोकडा वाटतो.

माप पँटचे नको

फसगत होते ती इथेच. आजकाल पँट कमरेच्या खाली बसते. किल्ट मात्र बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर बांधतात, म्हणून पँटचे माप दिले की किल्ट आवळतो. बेंबीभोवतीचा घेर, नितंबांचा सर्वांत मोठा घेर आणि उंची, अशी तीन मापे लागतात. किल्ट गुडघ्याच्या मध्यापर्यंत यावा, त्याखाली नको. मापे दुसऱ्याकडून घ्यावीत. स्वतः घ्यायला वाकलो की माप चुकते.

हाताने शिवलेला किल्ट तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. लग्नाच्या तोंडावर धावपळ करू नये.

किल्ट एक, थाट तीन

नवशिक्याला वाटते की घरी घालायला एक आणि समारंभाला एक, असे दोन किल्ट हवेत. तसे नाही. किल्ट तोच राहतो. त्याच्याबरोबरचे कपडे बदलतात.

सहज फिरायला जाताना साधा शर्ट किंवा स्वेटर, जाड लोकरी मोजे आणि मजबूत बूट पुरतात. पुढे साधी चामड्याची थैली लटकवायची. तिला स्पोरन म्हणतात. किल्टला खिसे नसतात, त्यामुळे पैसे आणि किल्ल्या तिच्यातच.

दिवसाच्या समारंभाला ट्वीडचे आखूड जाकीट, टाय आणि काळे किंवा तपकिरी बूट.

संध्याकाळच्या मेजवानीला प्रिन्स चार्ली नावाचे काळे जाकीट, त्याखाली वेस्टकोट आणि काळा बो. स्पोरनही चांदीच्या कोंदणाचा, केसाळ. मोज्यात स्गियन दू हा छोटा खंजीर खोचतात. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो!

म्हणून हिशेब असा. पैसा किल्टच्या कापडावर आणि शिलाईवर घाला. जाकीट भाड्याने आणा, स्पोरन पुढे कधीतरी घ्या. आणि एकाच लग्नापुरते काम असेल, तर सबंध पोशाख भाड्याने घेणेच शहाणपणाचे. तिथे अशी पुष्कळ दुकाने आहेत. हाताने शिवलेल्या किल्टला काहीशे पौंड पडतात. पण तो नीट वापरला, तर पैठणीसारखा पुढच्या पिढीला देता येतो.

थोडे वापराविषयी

सपाट भाग पुढे, चुण्या मागे. वरचा पदर डावीकडून उजवीकडे येतो. पुढे लावायची पिन फक्त वरच्या पदराला लावावी. दोन्ही पदर टाचले तर कापड ओढले जाऊन फाटते. बसताना मागून हात फिरवून चुण्या सारख्या कराव्यात. बायकांना हे सांगावे लागत नाही, पुरुषांना शिकवावे लागते! घरी धुऊ नये. वापरानंतर हवेशीर जागी टांगावा. कपाटात कसरीपासून जपावा आणि ड्रायक्लीनिंगला देण्यापूर्वी चुण्यांना कच्चे टाके घालावेत.

भाच्याने सासऱ्यांना विचारले. त्यांनी आपल्या घराण्याचे टार्टन घालायला आनंदाने परवानगी दिली. लग्नाच्या सकाळी तो तयार होऊन बाहेर आला, तेव्हा त्यांनी एक फेरी मारून त्याला न्याहाळले, पिन बोटभर सरळ केली आणि खांद्यावर हात ठेवला. माझी नणंद आधी गप्प होती. मग हळूच मला म्हणाली, "निऱ्या छान पडल्यात हो!"

गेल्या महिन्यात त्याचा फोटो आला. रग्बीचा सामना, अंगात जुना स्वेटर आणि खाली तोच किल्ट.