गर्दपासून सातच्या शाळेपर्यंत

पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा धास्ती होती गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले. घराघरांतलं निदान मात्र ठरलेलं असे: पोरगं मनाचं कच्चं, संगत वाईट, वाया गेलं. व्यसन हा आजार आहे, हे पटवण्यातच बरीच वर्षं गेली. पण तो कोवळ्या वयातच इतका खोल का रुततो?

उत्तराची दिशा दिसली ती १९९९च्या सुमारास. सहाव्या-सातव्या वर्षी मेंदूचा आकार जवळपास मोठ्या माणसाएवढा होतो, म्हणून त्याची घडण तिथेच आटोपते असा समज होता. अमेरिकेत संशोधक जे गीड यांनी त्याच मुलांचे एमआरआय वर्षांच्या अंतराने पुन्हा काढले आणि हे काम किशोरवयातही चालू असल्याचं दिसलं. मजेची ओढ लावणारी यंत्रणा आधी जोर धरते; आवर घालणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. निकोटिन नेमकं याच काळात मेंदूत शिरतं आणि सवय चटकन जडते. (महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे. ती घालणाऱ्यांनी एमआरआय पाहिलेले नव्हते, हे वेगळं.)

गांजाचं चित्र इतकं स्वच्छ नाही. किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक घसरल्याचं न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासाने २०१२ साली मांडलं. पुढे जुळ्यांवरच्या अभ्यासांनी विचारलं, यात गांजा किती आणि घरची परिस्थिती किती? वाद मिटलेला नाही.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा २००३चा कायदा. राज्यात गुटखाबंदी आली २०१२ साली. मग टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी मिळू लागली. दोन्ही दातांनी फाडायच्या, तळहातावर एकत्र करायच्या, झाला गुटखा. ई-सिगारेटवर २०१९मध्ये देशभर बंदी आली.

या सगळ्यात, आवर टिकवणाऱ्या झोपेकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं. वर हातात मोबाइल. सकाळी सातच्या शाळेला निघालेलं नववीतलं पोर रिक्षात पेंगतं ते निव्वळ आळसाने नव्हे. अपुऱ्या झोपेने आवर आणखी ढिला पडतो आणि उतावळे निर्णय घेतले जातात.

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण ते पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच. लहानग्यांचं भलं झालं, छानच. ज्यांचं घड्याळ खरोखर सरकतं, ती मोठी मुलं मात्र आदेशाबाहेर राहिली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच किशोरांची शाळा साडेआठच्या आधी नको असं म्हटलं होतं. पुढच्या पालकसभेत फीचा विषय संपला की एवढं विचाराच: आठवी ते दहावीची पहिली घंटा साडेआठला का नाही?