मोत्याचे नख

आमच्या म्हसावदच्या घराचा पत्ता दोनदा बदलला, घर मात्र जागचे हलले नाही. आजोबांना येणाऱ्या पत्रांवर 'पश्चिम खानदेश' असे असायचे, वडिलांच्या पत्रांवर 'जिल्हा धुळे' आले, आणि 1 जुलै 1998 पासून आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले झालो. शहाद्याहून तोरणमाळकडे निघालेला प्रवासी सातपुडा दिसू लागला की मान वर करून बसतो. त्या भरात आमचे गाव कधी मागे पडले ते त्याला कळतही नाही. तेथे आमचे थोडे वावर आहे. कापूस, ऊस आणि अलीकडे पपई. ते सांभाळतात माझे धाकटे काका, ज्यांना सारे गाव नाना म्हणते. आणि रात्री ते सांभाळतो मोत्या.

मोत्या हा शहरातल्या अर्थाने पाळलेला कुत्रा नव्हे. त्याला कोणी उचलून घेत नाही, त्याला साबण माहीत नाही. वावरातल्या झोपडीत आमचा पावरा सालदार बायकामुलांसह राहतो. त्या झोपडीपासून उसाच्या बांधापर्यंत मोत्याची हद्द. रात्री रानडुकरे आली की भुंकून त्यांना पिटाळायचे, आणि उसात बिबट्या असला तर माणसांना जागे करायचे, हे त्याचे काम. मोबदला दोन वेळची भाकरी. चाकरी म्हणतात ती हीच. आमच्या कॉलेजात इतक्या थोड्या पगारावर इतके काम करणारा एकही इसम मला ठाऊक नाही, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

2024 च्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी झाली, आणि पुण्याहून आलेले आम्ही तिघे, मी, सौ. आणि आमची बारा वर्षांची कन्या, प्रवासाने थकून झोपलो. रात्री दोनच्या सुमारास सालदाराने कडी वाजवली. त्याच्या एका हातात बॅटरी होती आणि दुसऱ्या हातात मोत्याच्या गळ्यातली दोरी. मोत्या तीन पायांवर उभा होता. उजवा पुढचा पाय त्याने वर धरला होता आणि अंगणात, कन्येने संध्याकाळी काढलेल्या रांगोळीवर, टपटप रक्त पडत होते.

"काय व्हयनं रे?" नानांनी आतूनच विचारले.

डुकरांमागे धावताना तारेच्या कुंपणात नख अडकले होते. मोत्याने हिसडा दिला, पाय सुटला, पण नख उभे चिरले आणि मुळाशी लोंबत राहिले.

एवढ्याशा नखाचे ते काय, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले. पण कुत्र्याचे नख आपल्या नखासारखे नुसते बोटावर ठेवलेले झाकण नसते. वरचे कठीण कवच आपल्या नखाच्या किंवा गाईच्या शिंगाच्याच द्रव्याचे असते. त्याला केरॅटिन म्हणतात. त्या कवचाच्या आत मात्र एक जिवंत गाभा असतो. त्यात रक्तवाहिनी असते, मज्जातंतू असतो, आणि तो थेट बोटाच्या शेवटच्या हाडाला जाऊन भिडलेला असतो. कवच फाटले की हा गाभा उघडा पडतो. मग रक्त भरपूर जाते, वेदना त्याहून भरपूर होतात, आणि घाण आत शिरली तर ती हाडापर्यंत पोचू शकते. पांढऱ्या नखाच्या कुत्र्यात हा गाभा गुलाबी रेषेसारखा बाहेरून दिसतो. मोत्याची नखे काळी. काही दिसायची सोय नाही.

लंगडा कुत्रा त्या रात्री वावरात परत धाडणे शक्यच नव्हते. बिबट्याला कुत्रा आवडतो, आणि पळू न शकणारा कुत्रा तर त्याला घरपोच मिळाल्यासारखा. "त्याला ओसरीवर ठेवा," नाना म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी देव्हाऱ्याचे दार तेवढे लावून घेतले.

आता उपचार कोणी करायचा? नानांनी बॅटरीचा झोत माझ्यावर टाकला. "तू शिकेल मानूस शे. मंग धर याले."

मराठीच्या प्राध्यापकाला शिकलेला माणूस समजण्याची चूक खेड्यात अजून होते. मीही त्या मानाला भुललो. गुडघ्यावर बसलो, "मोत्या, बाळा" असे काहीतरी पुटपुटलो आणि तो पाय हातात घेतला. पुढचे मला नीटसे आठवत नाही. एक गुरगुर झाली आणि माझ्या तळहाताच्या कडेला दोन दात उमटले.

मोत्याने लगेच कान पाडले आणि माझ्याकडे पाहणे सोडले. त्याची चूक नव्हती. दुखणाऱ्या जनावराचे तोंड आधी बांधायचे असते, मग त्याच्या अंगाला हात लावायचा असतो, हे सालदाराला ठाऊक होते. मला विचारण्याची बुद्धी झाली नाही. त्याने जुन्या धोतराची पट्टी घेतली, सैल फास मोत्याच्या जबड्यावर घातला, टोके हनुवटीखाली ओलांडून कानांमागे गाठ मारली. ही गाठ काम होताच सोडायची. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, तेव्हा तोंड फार वेळ बांधून ठेवले तर त्याचा जीव घाबरतो.

मी मोरीवर हात धूत होतो. साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. एवढे मला माहीत होते. तेवढ्यात सौ.ने ओसरीवरून विचारले, "नाना, याला रेबीजची लस टोचलीय ना?"

कोणी उत्तर दिले नाही. मोत्या पिलू असताना पंचायतीजवळ एकदा शिबिर झाले होते, त्यात टोचली असेल असे नाना म्हणाले. सालदार म्हणाला, ते याच्या आधीच्या कुत्र्याला. कागद कोणाकडेच नव्हता.

त्या प्रश्नानंतर नख मागे पडले आणि घर निराळ्याच भीतीने गप्प झाले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर जवळजवळ नक्की वाचतो. या दोन वाक्यांच्या मध्ये सारा इतिहास आहे. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात झां-बाप्तिस्त ज्युपिय हा पंधरा वर्षांचा मेंढपाळ त्याच्याकडे आला. इतर मुलांना वाचवताना तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. पाश्चर संस्थेच्या आवारात त्या झुंजीचा पुतळा आहे. आपल्याकडे 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, आणि तेथे सेंपलने बनवलेल्या लसीची ती पोटातली चौदा इंजेक्शने माझ्या पिढीच्या बालपणी सर्वांना ठाऊक होती. मुलांना कुत्र्यापेक्षा त्या चौदांचीच भीती वाटे. ती आता गेली.

धनत्रयोदशीच्या सकाळी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेभोवती प्रतिद्रव्याचे सीरम टोचले आणि दोन्ही दंडांवर कातडीत लस दिली. पुढच्या तारखा लिहून दिल्या: तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. "आणि कुत्रा दहा दिवस बांधून ठेवा," ते म्हणाले. "दहा दिवस नीट खातपीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं. पण म्हणून लस टाळायची नाही."

अशा रीतीने मोत्या एकाच वेळी रुग्ण आणि संशयित झाला.

नखाचे त्या रात्री काय झाले ते सांगायचे राहिले. सालदाराने स्वच्छ फडके दाबून धरले. दहा मिनिटे दाबायचे, आणि मध्ये उचलून पाहायचे नाही. दर खेपेला पाहिले की धरलेली गाठळी निघून येते. काकूंनी आतून गव्हाचे पीठ दिले, ते चिमूटभर नखाच्या टोकावर दाबले, आणि रक्त थांबले. न्हाव्याकडची तुरटी असती तर तीही चालली असती, पण ती झोंबते. लोंबते तुकडे आम्ही ओढले नाहीत. हे एक शहाणपण घडले. मग मी पट्टी बांधली, आणि चांगली आवळून बांधली.

दुपारी तालुक्याहून पशुवैद्य आले. त्यांनी पट्टी पाहिली, पट्टीच्या वर सुजलेला पाय पाहिला, आणि विचारले, "हे दुकानातलं पुडकं कोणी बांधलं?" आवळलेल्या पट्टीने रक्त अडते, पाय सुजतो, आणि फार वेळ तशीच राहिली तर बोट जायची पाळी येते. बोटांच्या बेचक्यांत कापूस ठेवायचा, पट्टी आणि पाय यांच्यामध्ये आपले बोट शिरेल इतकी सैल गुंडाळायची. त्यांनी बोट बधिर करून लोंबता भाग कापला, इंजेक्शने दिली, गोळ्या लिहिल्या. मी प्रवासाच्या पाकिटातली माझी वेदनाशामक गोळी अर्धी देऊ का म्हणून विचारले. ते एकदम कडक झाले. माणसांच्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने देण्याची वस्तू नव्हे. सदनिकेत कुत्रा पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण औषधांचा डबा त्यांच्याच घरी मोठा असतो. त्यांच्या कुत्र्यांची नखे फरशीवर झिजतही नाहीत. वाढतात, वळतात, गालिच्यात अडकतात. अंगठ्याचे नख तर जमिनीला टेकतच नाही, म्हणून तेच जास्त फाटते. कन्येने मोत्याची सारी नखे मोजली. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, एकूण अठरा. त्यांतले एक रजेवर.

मग रोजचा क्रम सुरू झाला. अर्धा लिटर उकळून कोमट केलेले पाणी, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. त्यात पाय पाच मिनिटे बुडवायचा, कोरडा करायचा, सैल पट्टी. बाहेर न्यायचे झाले की वरून दुधाची स्वच्छ पिशवी, आत आल्यावर ती लगेच काढायची, नाहीतर आत ओल धरते. डेटॉल ओतायचे नाही; ते कातडीला जाळते, आणि कुत्रा ते चाटतो. सर्वांत जपायचे ते माशीपासून. आपल्या हवेत उघड्या जखमेवर माशी बसली की आळ्या पडायला वेळ लागत नाही. मोत्या पट्टी चाटू लागला, तेव्हा कन्येने आकाशकंदिलासाठी आणलेल्या पुठ्ठ्याची गळपट्टी केली. ती त्याने एका रात्रीत फाडली. दुसरी जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून केली, ती टिकली. बादलीतून डोके काढून बसलेला मोत्या फटाके वाजले की भिंतीला चिकटायचा.

बिबट्याला न भिणारा प्राणी लवंगी माळेला भितो! पाहून मला आमच्या भाषेचीच लाज वाटली. कुत्र्याला मराठीने काय दिले? 'कुत्र्याचे शेपूट वाकडे', 'कुत्र्याच्या मौतीने मरणे', 'कुत्रे हाल खाणार नाही', आणि 'कुतरओढ'. महाभारताचा आरंभ पाहा: जनमेजयाच्या सत्रात विनाकारण मार खाल्लेल्या पिलाची तक्रार घेऊन सरमा येते. शेवट पाहा: स्वर्गाच्या दाराशी धर्मराज कुत्र्यासाठी अडून उभा आहे. नेपाळात तर आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास कुत्र्याला टिळा लावून झेंडूची माळ घालतात. हे मी त्या दिवशी काकूंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. संध्याकाळी मोत्यापुढे भाकरीवर चकलीचा तुकडा दिसला. मीठ-मसाला नको म्हणून तो मी उचलला, तर त्या माझ्यावरच रागावल्या.

आणि वावर? ते कोण राखत होते, हे मला तिसऱ्या रात्री कळले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुसरे इंजेक्शन घेऊन आलो होतो, दंड दुखत होता, झोप नव्हती. पाहिले तर नानांची बाज रिकामी. नाना त्र्याहत्तरीचे, गुडघे दुखणारे. सालदाराच्या झोपडीपाशी शेकोटी घालून, मांडीवर पत्र्याचा डबा आणि हातात काठी घेऊन बसले होते. थोड्या थोड्या वेळाने डबा वाजवत.

"नाना, तुम्ही कशाला? मी बसलो असतो."

"तुला हात दुखतो. आणि तुला आवाज कुठला, पाखराचा की डुकराचा, ते कळायचं नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "झोपडीत पोरं निजतात, भाऊ. कुत्रा नाही म्हणून त्यांना उघडं ठेवायचं का?"

मी त्यांच्याजवळ पहाटेपर्यंत बसलो. डुकरे एकदा आली. मला खरोखरच कळले नाही. नानांनी डबा वाजवला तेव्हा कळले.

भाऊबीज झाली. सौ. आणि कन्या पुण्याला परतल्या. मी राहिलो. सौ. रोज रात्री फोनवर आधी मोत्या जेवला का ते विचारी आणि मग माझी चौकशी करी. त्या क्रमाचे कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते. सहाव्या दिवशी मोत्याने सकाळची भाकरी हुंगून सोडली. मी अंगणात बसून त्याच्याकडे पाहत राहिलो. पाणी पितो का, लाळ गळते का, आवाज बदलला का. अकरा वाजता काकूंनी ताकात भाकरी कुस्करून दिली, ती त्याने ताट चाटून संपवली. गोळ्यांनी तोंडाची चव गेली असावी. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

8 नोव्हेंबरला दहा दिवस पुरे झाले. पशुवैद्यांनी उघड्या गाभ्यावर कोवळे कवच धरू लागल्याचे दाखवले. पूर्ण नख यायला काही महिने लागतील म्हणाले. तालुक्याहून येताना त्यांनी लस आणली होती. मोत्याला टोचली, सालदाराच्या दुसऱ्या दोन कुत्र्यांनाही टोचली, आणि तारखेसह तीन कागद दिले. नानांनी ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले.

आणखी चार दिवस मोत्याला घरीच ठेवा, असे त्यांनी बजावले होते. मी संध्याकाळी पाय धुण्यासाठी दोरी सोडली, पाणी आणायला आत गेलो, आणि बाहेर येतो तो अंगणात बादलीची गळपट्टी पडलेली. मोत्या रस्त्याच्या वळणावर होता, तीन पायांवर, मधूनच चौथा टेकवत, वावराकडे निघालेला. सालदाराने त्याला झोपडीत नेऊन बांधले आणि पट्टी तेथेच बदलली. नाना त्या रात्रीही बाजेवर नव्हते.

शेवटची लस मी 26 नोव्हेंबरला पुण्यात घेतली.