खोक्यावरील नाव आणि आतील चिप

वायरलेस नेटवर्कची सुरक्षा तपासण्यासाठी यूएसबी अडॅप्टर घ्यावयाचा म्हटले की, आपण सवयीने किंमत आणि अँटेनाची लांबी पाहतो. वस्तुतः पाहावयास हवी ती आतील चिप.

लॅपटॉपमधील वाय-फाय कार्ड नेहमीच्या वापरात आपल्याच नेटवर्कपुरते काम करते. आसपासची उपकरणे परस्परांशी काय बोलत आहेत, हे ऐकण्यासाठी ‘मॉनिटर मोड’ लागतो. राऊटर बनावट संदेशांना फसतो का, हे अजमावण्यासाठी ‘पॅकेट इंजेक्शन’. या दोन्ही क्षमता चिप आणि तिचा लिनक्समधील ड्रायव्हर यांवर अवलंबून असतात. खोक्यावर त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि तिच्यामुळेच तो तपासणी करणाऱ्यांत लोकप्रिय झाला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव मात्र तेच राहिले! जुनी शिफारस ऐकून नवा अडॅप्टर आणणाऱ्यास निराळा ड्रायव्हर शोधत बसावे लागते. म्हणून खरेदीच्या मागणीपत्रात मॉडेलसोबत आवृत्ती व चिप यांचीही नोंद असावी.

तथापि, एआर९२७१ ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. एखाद्या कार्यालयात कोणी परवानगीविना फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालणारा राऊटर लावला असेल, तर तो शेजारी असूनही या अडॅप्टरला दिसणार नाही आणि अहवालात ‘काही आढळले नाही’ अशी नोंद होईल. असा अहवाल नसलेलाच बरा, असे माझे मत आहे. मीडियाटेकची एमटी७६१२यू ही चिप दोन्ही पट्ट्यांवर चालते, आणि २०१८ मधील ४.१९ या आवृत्तीपासून तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच समाविष्ट आहे. रिअलटेकची आरटीएल८८१२एयू हीदेखील दोन्ही पट्ट्यांवर चालते. परंतु तिचा ड्रायव्हर अनेक वर्षे स्वतंत्रपणे बसवावा लागे, आणि कर्नल बदलला की तेच काम पुन्हा करावे लागे.

अडॅप्टर विकत घेणे गुन्हा नाही. परवानगीविना दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा तपासणीपूर्वी लेखी परवानगी घ्यावी. तीत जागा, दिनांक आणि नेटवर्कचे नाव नमूद असावे. इंजेक्शनच्या चाचणीत चालू उपकरणांचा संपर्क तुटू शकतो. ती काउंटर बंद झाल्यानंतरच करण्याची अटही त्याच पत्रात घालावी.