काळ्या मातीतील घरांचे पाये

पावसाळ्यात पाणी शोषून फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात वाळून आकसणाऱ्या चिकणमातीच्या जमिनीवर एक-दोन मजली घरे उभारण्यासाठी योजावयाच्या पायांचा विचार येथे केला आहे. अशा मातीला स्थापत्य अभियांत्रिकीत प्रसरणशील माती म्हणतात. भारतातील प्रसरणशील मातीचा सर्वांत मोठा प्रदेश दख्खनच्या काळ्या मातीचा असून तो महाराष्ट्राचे पठार, माळवा, गुजरात, उत्तर कर्नाटक आणि तेलंगण व आंध्र प्रदेश यांचे काही भाग व्यापतो. सामान्य जमिनीत घराचा भार सुरक्षितपणे पसरविणे हे पायाचे काम असते. काळ्या मातीत जमीनच हलत असल्यामुळे तिच्या हालचालीपासून घराला अलग ठेवणे हे पायाचे मुख्य काम ठरते. हा भेद लक्षात न घेता बांधलेली घरे स्वतःच्या भारापेक्षा मातीतील पाण्याच्या चढउतारामुळेच अधिक तडकतात.

काळी आणि पांढरी : महाराष्ट्रातील गावांच्या जुन्या व्यवहारात लागवडीच्या जमिनीला ‘काळी’ व वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. गावठाण शक्यतो उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी असे आणि सुपीक काळी माती शेतीसाठी राखली जाई. जुन्या घरांत छपराचा किंवा धाब्याचा भार बहुधा लाकडी खांबांवर असे व हे खांब दगडी तळखड्यांवर उभे असत. अशा घरात मातीची भिंत प्रामुख्याने आडोशाचे काम करी. जमीन थोडीफार हलली, तरी लाकडी सांधे ती हालचाल सोसून घेत व भिंतीच्या भेगा दर वर्षी लिंपता येत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे व तालुक्याची गावे वाढू लागली, तेव्हा भोवतालच्या काळ्या शेतजमिनींवर भूखंड पडले आणि त्यांवर विटा व सिमेंट यांची घरे उभी राहिली. सिमेंटमधील वीटकाम दाबाला चांगले टिकते, परंतु वाकण्याला व ताणाला ते फारसा विरोध करू शकत नाही. जागा बदलली व बांधणीही बदलली, पण पाया पुष्कळदा पूर्वीच्याच अंदाजाने खोदला गेला. अनेक कुटुंबांना आपल्या आयुष्याच्या बचतीतून बांधलेल्या घराला पहिल्या दोन-तीन वर्षांतच तडे गेलेले पहावे लागतात, याचे हे एक प्रमुख कारण होय.

मातीचे स्वरूप : दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या अपक्षयाने (झिजून व कुजून) तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या गटातील मृद्-खनिजांचे प्रमाण मोठे असते. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावाजवळ आढळल्यावरून या खनिजाला 1847 मध्ये हे नाव देण्यात आले. त्याचा प्रत्येक कण पातळ पत्र्यांच्या चळतीसारखा असतो. दोन सिलिका थरांमध्ये एक ॲल्युमिना थर अशी एका पत्र्याची रचना असून लगतच्या दोन पत्र्यांमधील बंध दुर्बल असतो. या फटीत पाण्याचे रेणू शिरले की, पत्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी निघून गेले की पुन्हा जवळ येतात. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटाचे एकूण पृष्ठफळ सु. 800 चौ. मी.पर्यंत असू शकते, तर चिनी मातीतील केओलिनाइटाचे ते साधारणतः 10 ते 20 चौ. मी. असते. पाण्याविषयीची एवढी ओढ याच विशाल पृष्ठफळामुळे निर्माण होते [⟶ मृदा].

उन्हाळ्यात या जमिनीला कित्येक सेंमी. रुंदीच्या व एक-दोन मी. किंवा त्याहून अधिक खोलीच्या भेगा पडतात. पृष्ठभागावरील भुसभुशीत माती भेगांत पडते व पावसाळ्यात भेगा मिटतात. त्यामुळे ही जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करते, असे म्हटले जाते. पाणी धरून ठेवण्याचा जो गुण कपाशीला वरदान ठरतो, तोच घराला घातक होतो. ऋतुमानानुसार ओलाव्यात होणारा बदल भारतातील काळ्या मातीत सामान्यतः पृष्ठभागापासून सु. 3.5 मी. खोलीपर्यंत जाणवतो. त्याखालील मातीचा ओलावा वर्षभर जवळजवळ स्थिर असतो. पायाच्या आखणीत ही खोली सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रसरण दाब व घराचा भार : फुगू पाहणाऱ्या मातीला अटकाव केल्यास ती अटकाव करणाऱ्या वस्तूवर दाब देते. या प्रसरण दाबाचे मूल्य काळ्या मातीत पुष्कळदा दर चौ. मी.ला 5 ते 30 टन आढळते. एकमजली घराच्या भिंतीचा, छपरासह, दर मीटर लांबीला सु. 4 टन भार येतो असे धरले आणि पाया 80 सेंमी. रुंद घेतला, तर मातीवर दर चौ. मी.ला 5 टन दाब पडतो. म्हणजे माती वर उचलते त्या जोराला तोलण्याइतकेही वजन घरात नसते. मऊ जमीन लागली की पाया रुंद करावा, हा सर्वसाधारण नियम येथे उलटा पडतो. तोच पाया 1.2 मी. रुंद केल्यास दाब 3.3 टनांपर्यंत उतरतो व भिंत उचलली जाण्याचा संभव वाढतो. बहुमजली इमारतींच्या मानाने हलक्या घरांचे, कुंपणाच्या भिंतींचे व फरसबंदीचे नुकसान अधिक होते, ते यामुळेच. उलटपक्षी, माती पूर्ण भिजल्यावर तिची भार पेलण्याची क्षमता घटते. पाया केवळ अरुंद करूनही म्हणूनच भागत नाही.

घरावर होणारे परिणाम : सर्व घर सारख्या प्रमाणात वरखाली झाले, तर फारशी हानी होत नाही. विषम हालचालीने मात्र घर तडकते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून फुगते, तर मध्यभागाची तुलनेने कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची माती आकसते. याशिवाय घराने झाकलेल्या जमिनीतील बाष्पीभवन थांबल्याने तेथील ओलावा काही वर्षे हळूहळू वाढत जातो आणि घराचा मध्यभाग उचलला जातो. त्यामुळे फरशी मध्ये फुगते व आतील हलक्या भिंती तडकतात. कडा खचून मध्यभाग उंच राहिल्यास भिंतीतील तडे वरच्या बाजूस रुंद असतात. कडा उचलल्या गेल्यास ते खालच्या बाजूस रुंद असतात. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरपे तडे, पावसाळ्यात घट्ट बसून उन्हाळ्यात सैल होणारी दारे आणि ऋतूनुसार उघडझाप करणाऱ्या भेगा ही या दोषाची ओळखीची चिन्हे होत.

ही समस्या केवळ भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रसरणशील मातीमुळे होणारे वार्षिक नुकसान पूर, भूकंप व वादळे यांच्या एकत्रित नुकसानीहून अधिक असल्याचा अंदाज 1973 मध्ये जोन्स व होल्ट्झ या अभियंत्यांनी मांडला. इंग्लंडमध्ये 1976 च्या अवर्षणात आग्नेय भागातील चिकणमाती आकसून असंख्य घरांना तडे गेले.

मातीची परीक्षा : प्रसरणशीलतेचा प्राथमिक अंदाज मुक्त प्रसरण निर्देशांकाने बांधता येतो. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी 10 ग्रॅ. वजनाचे दोन भाग 100 मिलि. मापाच्या दोन नळकांड्यांत घेतात. एकात शुद्ध पाणी व दुसऱ्यात केरोसीन भरतात व किमान 24 तास निवळू देतात. केरोसिनात माती फुगत नाही. दोन्हींतील मातीच्या घनफळांतील फरक केरोसिनातील घनफळाच्या टक्केवारीत मांडला की, हा निर्देशांक मिळतो. उदा., केरोसिनात 10 मिलि. व पाण्यात 18 मिलि. घनफळ भरल्यास निर्देशांक 80 येतो. 50 हून अधिक निर्देशांकाची माती हलक्या बांधकामाच्या दृष्टीने धोक्याची समजावी. काळ्या थराची जाडी, त्याखाली लागणारा मुरूम वा खडक यांची खोली आणि भूजलाची पातळी पाहण्यासाठी बांधकामाच्या जागेवरच चाचणी-खड्डे घेणे आवश्यक असते. शेजारच्या विहिरीवरून केलेला अंदाज पुरेसा नसतो, कारण काळ्या थराची जाडी थोड्या अंतरातही पुष्कळ बदलते. पठाराच्या उंच भागांत ती एक मीटरहूनही कमी असते, तर तापी, पूर्णा व गोदावरी यांच्या खोऱ्यांत कित्येक मीटर असू शकते.

पायाचे प्रकार : (1) मुरमावरील पाया : काळ्या थराची जाडी सु. 1.5 मी.पर्यंत असल्यास ती माती पूर्ण खोदून पाया खालच्या कठीण मुरमावर टेकविणे हा सर्वांत सोपा व खात्रीचा मार्ग होय. चर मोकळा ठेवून उन्हात वाळू देऊ नये. तळाचे काँक्रीट लगेच घालावे. पायाच्या बाजूंना व जोत्यात निघालेली काळी माती पुन्हा भरू नये. त्याऐवजी मुरूम सु. 15 सेंमी. जाडीच्या थरांनी, पाणी मारून व चोपून भरावा. काळी माती जोत्यात भरल्यास पाया अचल राहूनही फरशी फुगते.

(2) माती बदलून केलेला पाया : थर मध्यम जाडीचा असल्यास पायाखालील काही माती काढून तेथे मुरमाचा दाबलेला थर देतात. पूर्वी यासाठी वाळूची गादी वापरण्याची रीत होती. तथापि भोवतालच्या घट्ट मातीत वाळूचा थर पाण्याचे टाके बनतो व खालच्या मातीला ओलावा पुरवीत राहतो, असा अनुभव आहे. 1970 च्या दशकात मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आर. के. कट्टी यांनी संसक्त (चिकटून राहणाऱ्या) परंतु न फुगणाऱ्या मातीच्या थराचा अभ्यास केला. सु. एक मी. जाडीचा असा थर खालच्या काळ्या मातीचे फुगणे पुष्कळ अंशी रोखतो, असे दिसून आले. या तत्त्वाचा विशेष उपयोग कालव्यांच्या अस्तरीकरणात झाला. मातीत चुना मिसळल्यानेही तिची प्रसरणशीलता घटते. मात्र तो सर्वत्र सारखा मिसळला जाणे आवश्यक असते.

(3) कंदयुक्त स्थूणा : काळ्या मातीचा थर खोल असल्यास स्थूणा म्हणजे पाइल वापरतात. 1950 नंतरच्या दशकात रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन व त्यांचे सहकारी यांनी भारतातील काळ्या मातीसाठी तळाशी रुंदावलेल्या स्थूणेची पद्धत विकसित केली. व्यवहारात तिला ‘अंडररीम पाइल’ म्हणतात. गिरमिटाने सु. 20 ते 30 सेंमी. व्यासाचे भोक किमान 3.5 मी. खोल पाडतात. मग विशेष हत्याराने तळाजवळ ते खोडाच्या साधारण अडीच पट व्यासापर्यंत रुंद करतात, सळ्यांचा सांगाडा सोडतात व काँक्रीट भरतात. रुंद भाग म्हणजे कंद स्थिर ओलाव्याच्या मातीत असल्यामुळे तो घराचा भार पेलतो आणि वरची माती फुगून खोड उचलू लागली, तर नांगरासारखे रोवून धरतो. या ओढीने स्थूणेत ताण येतो. त्यामुळे सळ्या तिच्या पूर्ण लांबीभर असणे अनिवार्य आहे. लगतच्या दोन स्थूणांमधील अंतर निदान कंदाच्या व्यासाच्या दुप्पट ठेवतात.

स्थूणांच्या माथ्यावर प्रबलित काँक्रीटच्या तुळया टाकून त्यांवर भिंती उभारतात. या तुळया जमिनीवर टेकता कामा नयेत. त्यांच्या तळाशी निदान 8 सेंमी.ची पोकळी असावी लागते. ही पोकळी बुजविल्यास फुगणारी माती तुळईलाच उचलते व स्थूणांवरील सर्व खर्च व्यर्थ जातो. ही चूक बाहेरून दिसत नसल्याने कामावरील देखरेखीत तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

(4) ताठ तराफा : सर्व घराखाली प्रबलित काँक्रीटचा एकसंध तळ घालून त्याला खालून तुळयांचे जाळे जोडल्यास घर जमिनीवर तराफ्यासारखे राहते. ते कलू शकते, परंतु सहसा तडकत नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे ही पद्धत रूढ आहे. भारतात लहान घरांना तिचा खर्च बहुधा परवडत नाही. कोणत्याही प्रकारात जोते, लिंटल व छत यांच्या पातळीवर प्रबलित काँक्रीटचे अखंड पट्टे दिल्यास भिंती एकत्र बांधल्या जातात. भूकंपप्रवण भागात हे पट्टे दुहेरी उपयोगाचे ठरतात.

पाण्याचे नियंत्रण : मातीतील ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राखणे, हा पायाच्या कामाचाच भाग होय. घराभोवती बाहेर उतार असलेली, सु. 1.5 ते 2 मी. रुंदीची पाणी न झिरपणारी फरसबंदी करावी. छपराचे पाणी पन्हळीतून दूर न्यावे. शोषखड्डा, न्हाणीचे उघडे पाणी व बागेचे आळे भिंतीलगत ठेवू नये. नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या पायातून जातात तेथे सांधे लवचिक असावेत, कारण जमिनीच्या हालचालीने फुटलेली वाहिनी त्याच जागी माती आणखी फुगविते. निलगिरी, वड, पिंपळ यांसारख्या मोठ्या झाडांची मुळे मातीतील ओलावा ओढून घेतात. पूर्ण वाढीच्या उंचीइतके तरी अंतर राखून अशी झाडे लावावीत. जुने झाड तोडल्यावर त्याने कोरडी केलेली माती पुढे काही वर्षे फुगत राहते. त्या जागी लगेच बांधकाम करणे इष्ट नसते.

तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती : तडा दिसताच त्यात सिमेंट भरणे निरुपयोगी असते, कारण पुढच्या ऋतूत तो त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा उघडतो. प्रथम तड्यावर खुणा करून त्याची रुंदी निदान एक पावसाळा व एक उन्हाळा मोजावी. त्यावरून घराचा कोणता भाग हलतो ते कळते. नंतर गळक्या वाहिन्या, साचणारे पाणी व जवळची झाडे यांचा बंदोबस्त करून फरसबंदी करावी. पुष्कळ घरांत एवढ्यानेच हालचाल मंदावते व त्यानंतर भरलेले तडे टिकतात. तरीही हालचाल चालू राहिल्यास पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा खोल आधार द्यावा लागतो. चालत्या घराखाली करावयाचे हे काम जोखमीचे व खर्चाचे असून बांधकामापूर्वी घेतलेले दोन चाचणी-खड्डे व योग्य पाया यांचा खर्च त्याच्या मानाने अल्प असतो.